सगळ्यांच्या सोबतीने गप्प

जानकीबाईंनी सुगंधाताईंकडे पहिल्यांदा नीट पाहिलं, ते छताचा पोपडा पडला त्या दिवशी. नाहूरच्या एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत रविवारी सकाळी लिहिणारी पाच-सहा माणसं जमत. फोन बंद करून स्टीलच्या डब्यात टाकायचे आणि लांब टेबलाभोवती बसून जेवणवेळेपर्यंत आपापलं लिहायचं. काय लिहिता हे विचारायचं नाही, वाचून दाखवायचं नाही, एवढाच नियम. त्या दिवशी ताटाएवढा पोपडा धाडकन टेबलावर आदळला. सगळे ओरडत उठले. सुगंधाताईंनी कागदावरची धूळ फुंकली, तुकडा कोपराने सारला, अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं आणि मग मान वर करून विचारलं, "कुणाला लागलं नाही ना?"

जानकीबाईंचा जन्म शाळेत शिकवण्यात गेला होता. परीक्षेच्या वर्गातही असं भान हरपलेलं कुणी त्यांनी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून स्वतःचं प्रवासवर्णन बाजूला ठेवून त्या हळूच सुगंधाताईंच्या चालत्या हाताकडे बघत बसायच्या.

सुगंधा गमरे भांडुपच्या एका नर्सिंग होममध्ये आया आहेत. मुलगा सम्यक आणि सुनेबरोबर राहतात. घरी लिहिणं जमत नाही, हे त्यांनीच एकदा चहा घेताना सांगितलं.

"घरात त्रास कसलाच नाही हो बाई. पण कागद समोर घेतला की हात आपोआप लसूण सोलायला लागतात. इथे तुम्ही सगळे माना खाली घालून बसलेले दिसता, मग मलाही उठायची लाज वाटते."

त्या आपल्या आईची गोष्ट लिहीत होत्या. आई खेडजवळच्या गावी, नव्वदीला टेकलेली. ऐकू येणं दिवसेंदिवस कमी होत होतं. फोनवर तिचं एकच पालुपद असे, "माझे कान हायत तवर वाचून दाखव गो."

आणि मंडळींनी नेमकं तेव्हाच घोटाळा केला. बैठकीला वर्ष झालं म्हणून तेजलने केक आणला. ही बँकेत नोकरी करणारी मुलगी, कथा लिहिते. ती हट्टालाच पेटली. "सुगंधाताई, एकच पान यार! आजच्या दिवस नियम गेला खड्ड्यात."

सुगंधाताईंनी वाचलं. आईने तरुणपणी गावच्या रस्त्यासाठी खडी फोडली होती. पुढे त्या रस्त्यावर एसटी आली. आई पहिल्यांदा चढली तेव्हा तिने चपला काढून हातात घेतल्या, कारण खाली तिच्या आणि तिच्या सोबतिणींच्या हातची खडी होती.

जानकीबाईंनी हातातला केक खाली ठेवला. निवृत्त कारकून चंद्रप्रकाश डोळे पुसत म्हणाले, "ताई, तुमच्यापुढे आम्ही नुसती शाई वाया घालवतो."

पुढच्या रविवारी सगळे आदराने सुगंधाताईंकडे बघत होते, आणि त्यांचं पेन हलत नव्हतं. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मग त्या यायच्याच थांबल्या. जानकीबाई घरी गेल्या तेव्हा सुगंधाताई मेथी निवडत होत्या.

"आता लिहायला घेतलं की तुमचे चेहरे दिसतात, बाई. हे तेजलला आवडेल का, ह्यावर चंद्रप्रकाशकाकांना रडू येईल का, हेच डोक्यात. आईचा चेहरा दिसतच नाही. तिकडे तिचे कान जात चाललेत."

जानकीबाईंनी हे सांगितल्यावर तेजलने कपाळाला हात लावला. "वाट लावली ना आपण!" मग तिनेच उपाय काढला. सुगंधाताईंना तिने अक्षरशः ओढून आणलं, खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "आता आमचं ऐकायचं. प्रत्येकाचं सगळ्यात भंगार पान. सुरू करा, काका."

चंद्रप्रकाश यांनी जुहूच्या चंद्रावरची कविता वाचली. तिच्यात चंद्राला सर्दी झाली होती. तेजलच्या कथेतला नायक एकाच पानात मरून पुन्हा भजी खायला आला होता. जानकीबाईंच्या प्रवासवर्णनात तर गाडी स्टेशनातून सुटायलाच तयार नव्हती.

"बाई, तुम्हीसुद्धा?" सुगंधाताई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "आणि मी तुम्हाला घाबरत होते होय!"

"घाबरा अजून," चंद्रप्रकाश म्हणाले. "माझ्याकडे समुद्रावरच्या अकरा आहेत."

"नको रे देवा," तेजल म्हणाली. "फोन टाका डब्यात."

खोली गप्प झाली. ह्या वेळी सुगंधाताईंकडे कुणी पाहिलं नाही. जानकीबाईंनीही मान वर केली नाही. थोड्या वेळाने त्यांना शेजारून पेनाची खरखर ऐकू आली, ती जेवणवेळ झाली तरी थांबली नाही. माणसांच्या नुसत्या शेजाराने एवढं काही घडतं, ह्याचं नवल त्यांना त्या दिवशी घरी जाईपर्यंत पुरलं.

गोष्ट पावसाळ्याआधी पुरी झाली. आता सुगंधाताई सुट्टी मिळाली की खेडला जातात आणि आईच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने वाचतात. आई मध्येच थांबवते, "तसा नव्हता झाला गो." म्हणून सध्या त्या तिसरं प्रकरण पुन्हा लिहीत आहेत.