न पुसलेली खिडकी

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी डब्यासाठी कणीक मळत होते. प्रज्ञा म्हणजे आमच्या रामटेके मॅडमची मुलगी. मराठी सगळं समजतं तिला, पण बोलायचं म्हटलं की हिंदीच. "मौसी, मम्मी नहीं रही..." एवढंच म्हणाली. मी पिठाचे हात तसेच घेऊन खुर्चीवर बसून राहिले. महिना होत आला त्याला. लोक म्हणतात, वर्षा, तू त्यांच्यासोबत नऊ वर्षं एका स्टाफरूममध्ये होतीस, तूच लिही. लिहिते. पण खरं लिहायचं तर आधी एक कबूल करावं लागेल. आमच्या शाळेत एक चूक झाली, ती मॅडमच्या नावावर गेली, आणि ती चूक माझी होती.

आमची शाळा रायपूरच्या उरल्याला, कारखान्यांच्या अगदी पाठीशी. मी गावातल्या बुढापाऱ्यातून, घरून, स्कूटीवर जायची आणि पोहोचेपर्यंत ओढणी काळी व्हायची. रायपूर राजधानी झालं, नव्या शहरात रुंद रस्ते आले, पण आमच्याकडे आले ते फक्त जास्तीचे ट्रक. मॅडमचे वडील भंडाऱ्याहून रेल्वेत आले आणि इथलेच झाले. मॅडमची मराठी मात्र तिकडचीच राहिली. विज्ञान शिकवायच्या, आणि चौकशा तर इतक्या करायच्या की विचारू नका! भाजीवालीला विचारतील, हे भेंडे सकाळी तोडले का राती? बसच्या ड्रायव्हरला विचारतील, गिअर टाकताना तू मान काहून वाकडी करतो? कधीकधी लाज वाटायची हो बरोबर चालायला.

मग कुठल्याशा योजनेत शाळेला एक लॅपटॉप मिळाला आणि जोडीला एक परदेशी शाळा. तुर्कस्तानातली, काळ्या समुद्राकडच्या एका पोलादाच्या गावातली. तिथल्या विज्ञानाच्या बाईंचं नाव आयलिन. महिन्यातून एका शनिवारी दोन्हीकडचे शिक्षक पडद्यावर भेटायचे. एकीने आपल्या वर्गाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ दाखवायचा आणि बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. कौतुक करायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. मला तर हा छळच वाटला. पहिल्यांदा मॅडमनी आपला वर्ग दाखवला, तर आयलिनने मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, "सगळे प्रश्न तुम्हीच विचारता. मुलं कधी विचारतात?" आमचे प्राचार्य अवघडून गेले. मी मनात म्हटलं, आली मोठी शहाणी! मॅडम मात्र घरी जाईपर्यंत खूश. "बावीस वर्षं झाली मी शिकवून राहिली वं वर्षा, अन् कोनी मले हे इचारलंच नाही! काहून इचारलं नसन?" पन्नाशीची बाई, पण चेहरा असा की आजच कुणी शाळेत नाव घातलंय.

त्याच शनिवारांतून धुळीचा प्रयोग निघाला. दोन्ही गावं लोखंडाची, तर धूळ कुणाकडे जास्त? पांढऱ्या कार्डावर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवायचा, कार्ड खिडकीबाहेर चिकटवायचं, आठ दिवसांनी किती काळं झालं ते पाहायचं. आमच्या पोरांना वेडच लागलं. एक मुलगा घरच्या संडासाच्या झरोक्यालाही लावून आला. मॅडमनी विचारलं, "तिथं काहून रे?" तर म्हणे, "मैडम, वहाँ कोई पोंछता नहीं ना." मॅडमनी त्याला सगळ्या वर्गासमोर शाबासकी दिली.

आठ दिवसांनी आमची कार्डं तव्याच्या बुडासारखी झाली. दुसऱ्या दिवशी पडद्यावर तुर्की मुलं येणार होती. मी बेंच पुसून घेतले, फळा धुऊन घेतला, मुलींना रिबिनी बांधून यायला सांगितलं. मग नजर कार्डांवर गेली. शी! हे दाखवायचं परक्यांना? शाळा सुटल्यावर मी सगळी कार्डं काढली आणि नवी लावून टाकली. खरं सांगते, त्या वेळी मला चोरी केल्यासारखं वाटलंच नाही. पाहुणे यायच्या आधी पलंगावरची चादर बदलावी, तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांची कार्डं राखाडी आणि आमची दुधासारखी. तिकडच्या एका मुलीने विचारलं, "तुमच्याकडे एवढे कारखाने, मग धूळ जाते कुठे?" आमची पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मॅडमनी कार्ड हातात घेतलं, उजेडात धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. नंतर स्टाफरूममध्ये म्हणाल्या, "कार्डं तू बदलली?"

"पाहुण्यांसमोर घरची घाण कोण दाखवतं, मॅडम?"

"अवं पोट्टे, पाहुणे घर पाहाले नाही आले. धूळच पाहाले आले ना!" रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "येत्या शनिवारी सांगशीन त्याइले?"

मी होकारार्थी मान हलवली. पण शनिवारी प्राचार्य शेजारी येऊन बसले, माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती, आणि माझं तोंडच उघडेना. मॅडमनी माझी वाट पाहिली... बरीच पाहिली. शेवटी म्हणाल्या, "आमच्या शाळेत कार्डं बदलली गेली. प्रयोग माझा आहे, चूक माझी." प्राचार्यांचं तोंड पडलं. पुढच्या महिन्यात दोन आठवडे तिकडे जायला मॅडमचं नाव ठरलेलं होतं. अख्ख्या शाळेला माहीत होतं, त्या तुर्की आकडे पाठ करत फिरायच्या. आठ दिवसांनी यादी आली, तर तिच्यात माझं नाव! मी रडत त्यांच्या घरी गेले. त्या म्हणाल्या, "जाय नं. अन् पाहून ये सगळं. बाया कपडे कुठं वाळू घालते, तेही पाहून ये."

गेले. आले. तीन तास त्यांनी मला खोदून खोदून विचारलं. कार्डांचं त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही, मीही नाही. माझी नोकरी पक्की झाली, मॅडम निवृत्त झाल्या, दुखणं लागलं. दवाखान्यात गेले तेव्हाही सलाईनचे थेंब मिनिटाला किती सोडायचे हे कसं ठरवतात, हेच मला समजावत होत्या. मी हो हो करत राहिले.

गेल्या शनिवारी आम्ही दोन्हीकडचे शिक्षक त्यांच्यासाठी पडद्यावर जमलो. सगळे चांगलं चांगलं बोलले. माझी पाळी आली आणि मी सांगून टाकलं. कार्डं मी बदलली होती, बोल मॅडमना लागला, प्रवास मला मिळाला. प्राचार्य आता दुसरे आहेत, तेही ऐकत होते. रडू आवरेना.

आयलिन म्हणाली, "मला माहीत आहे. तू यायच्या आधी तिचं पत्र आलं होतं. तिनेच प्राचार्यांना सांगून तुझं नाव घातलं. मला लिहिलं, वर्षा येतेय, तिच्या खोलीची खिडकी महिनाभर पुसू नकोस. पाहुणी आली तरी पुसू नकोस. तिला पाहू दे."

मला आयलिनच्या घरातली ती खोली आठवली, मी उतरले होते ती. रस्त्याकडची, खिडकीच्या कठड्यावर बोटभर काजळी. काय गबाळी बाई आहे, म्हणून मी दोन दिवस नाक मुरडलं होतं. आणि तिसऱ्या दिवशी आयलिन शाळेत गेल्यावर ओला फडका घेऊन सगळी खिडकी लख्ख पुसून काढली होती! मी... मीच!

"तेही मी तिला कळवलं," आयलिन आता रडता रडता हसत होती. "तिने लिहिलं, हसून हसून माझं पोट दुखलं. आणि लिहिलं, तू काही बोलू नकोस. ती स्वतः सांगेल, आपण थांबू."

सात वर्षं थांबल्या त्या. दवाखान्यात मी खाटेशी बसले होते, तेव्हाही थांबल्याच असतील. आणि मी सलाईनकडे बघत बसले. मॅडम, कार्डं मीच बदलली हो.