कोरडी जाळी

लवळ्याच्या एका कॅम्पसमध्ये आमच्या व्यावसायिक बास्केटबॉल संघाचा सराव चाले. कोर्ट पुसायला गावातलाच एक पन्नाशीचा माणूस होता. खेळाडूंचा घाम सांडला की तो फडकं फिरवायचा आणि अनवाणी तळव्यानं ओल चाचपायचा. त्याची बादली कायम एकाच टोकाला असे. मी प्रशिक्षक, त्याचं नाव कधी विचारलं नाही.

त्या हंगामात आम्ही तळाला राहिलो. पुढच्या वर्षी उंच परदेशी खेळाडू हवाच, असं मी कोर्टच्या कडेला मालकांना पटवलं. ते गेल्यावर हा फडकं पिळत म्हणाला, "सायेब, तुमी बॉल टाकताय त्या जाळीखाली पुसून पुसून माझी कंबर जाती. तुमची राखायची जाळी हाय, तितं फरशी कोरडीच. परत पळत कुणी येतच न्हाई."

मला राग आला, कारण ते खरं होतं आणि रोज कोर्टच्या कडेला उभा असून मला ते दिसलं नव्हतं.

उंच खेळाडूचा विषय मी सोडला. बॉल गेला की मागे आपल्या जाळीकडे पळायचं, एवढंच पोरांना महिनाभर करायला लावलं. त्यांनी मला मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या असतील.

एका सकाळी तो आमच्या राखायच्या जाळीखाली थांबला, त्यानं फरशीवर तळवा फिरवला आणि पलीकडच्या टोकाची बादली उचलून तिथं आणून ठेवली.