पेनाने लिहिलेल्या चिठ्ठ्या

खोल समुद्रातला प्राणी स्पिरिटच्या बरणीत ठेवला की सोबत आत एक चिठ्ठी टाकायची: कुठे सापडला, किती खोलीवर, कधी. ती पेन्सिलनेच लिहायची, पेनाची शाई स्पिरिटमध्ये उतरते. चेन्नईतल्या आमच्या प्रयोगशाळेत हे कोणी मुद्दाम शिकवत नाही. ज्याने त्याने बघून शिकायचं.

ती मुलगी पुण्याहून पीएचडीला आली होती. नमुने गोळा करायला निघालेल्या जहाजावर पहिल्याच दिवशी जेवताना तिने माझ्या तंजावरी बोलण्याची नक्कल केली. म्हणाली, "मॅडम, तुमचं मराठी ऐकलं की शिलालेख वाचल्यासारखं वाटतं." सगळे हसले, ज्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं तेसुद्धा. मीही हसले. चेन्नईत वेस्ट मांबलमला आमच्या घरात सगळे तसंच बोलतात.

दुसऱ्या दिवशी सर्वांत खोल गेलेलं जाळं वर आलं. चिखल धुऊन तिने त्यातल्या समुद्रकाकड्या वेचल्या, तळाशी सरपटणारे मऊ प्राणी. बोटाएवढ्या, जांभळट, आतलं आतडं दिसेल इतक्या पारदर्शक. एक वेगळीच होती. ही जात अजून कोणी नोंदवलेली नसावी, असं तिला वाटलं आणि मलाही. तिच्या प्रबंधाला तेवढी एक पुरली असती. ती चिठ्ठ्या लिहायला बसली, जेल पेनने, सुरेख अक्षरात. मी समोरच कोळंब्या निवडत होते. पेन्सिल माझ्या खिशात होती. मी बोलले नाही.

दोन महिन्यांनी कपाट उघडलं तेव्हा स्पिरिट निळसर झालं होतं आणि चिठ्ठ्या कोऱ्या. प्रत्येक जाळ्याची खोली तिच्या वहीत होती, पण कोणती बरणी कोणत्या जाळ्यातली, ते कुठेच नव्हतं.

ती माझ्या टेबलाशी आली. "मॅडम, तुम्ही तिथे होतात. ही वेगळी काकडी सर्वांत खोल जाळ्यातली, एवढं सरांना सांगा ना."

"आठवण म्हणजे नोंद नव्हे."

"पण तुम्हाला आठवतंय?"

"आठवतंय."

"मी पेनने लिहीत होते, तेही पाहिलं होतंत?"

"पाहिलं होतं."

दुपारी सरांनी, तिच्या मार्गदर्शकांनी, मला विचारलं. मी खात्री देऊ शकत नाही, असं सांगितलं. दिली असती तर त्यांनी मानली असती. माझ्या शब्दावर आजवर त्यांनी शंका घेतलेली नाही.

चिठ्ठीशिवाय नमुना संग्रहात ठेवायचा नाही, हा नियम आहे. बरण्या रिकाम्या करायचं काम मी तिलाच दिलं. ती एकेक बादलीत उपडी करत गेली. ती वेगळी समुद्रकाकडी शेवटच्या बरणीत होती. बरणी धरून तिने माझ्याकडे पाहिलं. मी पायाने बादली तिच्याकडे सरकवली.