दस्त्यावरचे दात

मी सर्वांत जास्त देणं लागतो ते माझ्या आत्याचं. बाबांची ही थोरली बहीण, लहान वयात विधवा झालेली. चिखल्याच्या मँगनीज खाणीवर उन्हात बसून दगड निवडायची आणि त्या कमाईतून तिनं मला बी.ए. केलं. आमच्या घरात त्याआधी कोणी मॅट्रिकच्या परीक्षेलाही बसलं नव्हतं. तिनं मला शिक्षण दिलं आणि त्याच्या जोडीनं राग दिला. शिक्षणाचं कौतुक लोक करतातच. मी इथे रागाबद्दल लिहितो, कारण तोही तितकाच कामी आला.

आमचं मूळ गाव आंधळगावच्या पलीकडे, जंगलाला लागून. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, कायद्यानं गेली होती, पण मालगुजार होते आणि त्यांची बंदूकही होती. लढाईच्या काळातली विलायती फौजी रायफल, नळीच्या टोकापर्यंत लाकडानं मढवलेली. शिकारीला निघाले की ती बाबांच्या खांद्यावर असायची.

मोहफुलांच्या दिवसांत एकदा मालगुजारांनी अस्वलावर गोळी झाडली. ते मेलं नाही, अंगावर आलं. मालगुजार बंदूक टाकून पळाले. बाबांना बंदूक चालवता येत नव्हती. त्यांनी ती उचलली आणि मागचा लाकडी दस्ता अस्वलाच्या जबड्यात कोंबला. अस्वलानं दस्त्यात दात रोवले, त्यावरच्या डाव्या हाताची दोन बोटं चावून तोडली आणि मग आधीच्या गोळीनं तिथेच कोसळलं. जनावर उठवणारे हाकेवाले पोचेपर्यंत मालगुजार परत येऊन बंदूक हातात धरून उभे होते आणि बाबा एका झाडाखाली रक्तात पडले होते.

"माझा गडी भिऊन झाडावर चढला," मालगुजार म्हणाले. "पडला, हात दगडावर चेचला. अस्वल मी मारलं, एका गोळीत."

बाबांनी खरं काय ते फक्त घरात सांगितलं; बाहेर गड्याचं कोण ऐकणार? त्या दिवसापासून बाबांचं नाव 'झाडावरचा' पडलं. पोरं मागून ओरडत, "झाडावरच्या, उतर ना बे!"

दसऱ्याला मालगुजारांच्या ओसरीवर शस्त्रपूजा व्हायची आणि सारा गाव सोनं द्यायला तिथे जमायचा. आत्या त्यांचं अंगण झाडायची. त्या वर्षी तिनं सगळ्यांसमोर बंदूक पालथी केली. दस्त्याच्या डाव्या अंगाला दातांचे चार खोल खड्डे होते.

"हे काय हाय मालक? अन् अस्वल बी झाडावर चढते. त्याच्यापासून वाचाले माहा भाऊ झाडावर काहून जाईन? तो काय खुळा हाय?"

मालगुजार हसले. "उंदरानं कुरतडलं असेल बाई. तू झाडू मार, शिकारीचं आम्ही पाहतो."

गाव हसलं. आमच्या झाडीपट्टीतल्या प्रत्येक माणसाला अस्वल झाडावर चढतं हे ठाऊक होतं, तरी हसलं.

पुढच्या दसऱ्याला बंदूक ओळखू येईना. दस्ता नवा, शिसमाचा, त्यावर कोरलेलं वाघाचं तोंड आणि आरशासारखं वार्निश. नळीवरचं लाकूड काढलेलं, खालचं अर्ध्यावर कापलेलं. जुनं लाकूड, दातांच्या दस्त्यासकट, मालगुजारांच्या सरपणाच्या ढिगावर पडलं होतं. आत्यानं ते जळणाच्या मोळीत घालून घरी आणलं.

काही वर्षांनी बाबा गेले; आई त्याआधीच गेली होती. तिरडी उचलताना मागून कोणीतरी म्हणालं, "झाडावरचा गेला." आत्यानं मागे वळून पाहिलं नाही. तेराव्यानंतर तिनं माझा हात धरला, ते लाकूड लुगड्यात गुंडाळलं आणि आम्ही चिखल्याला आलो. त्या ओसरीवर पुन्हा पाय ठेवणार नाही, अशी तिनं शपथ घेतली होती.

खाणीच्या वसाहतीतल्या आमच्या खोलीत दर दसऱ्याला ते लाकूड पाटावर मांडलं जायचं. आत्या त्याला जवसाचं तेल चोळायची, कुंकू लावायची आणि मला त्या खड्ड्यांत बोट घालायला लावायची. "शिक, मोठा हो, पण हे भुलू नोको," एवढंच म्हणायची.

कॉलेजसाठी मी नागपूरला गेलो. तिथे एका निवृत्त फौजी अधिकाऱ्याकडे काम मिळालं. त्यांना जुन्या हत्यारांचा शौक होता, सगळं परवान्यानं ठेवलेलं. प्रत्येक वस्तूखाली माहितीची चिठ्ठी असायची आणि ती लिहिणं माझं काम होतं.

एक दिवस मी चहाचा ट्रे घेऊन बैठकीत गेलो, तर समोर आमचे मालगुजार बसलेले. म्हातारे झाले होते. शिकार बंद होऊन काही वर्षं झाली होती आणि त्यांना आपली बंदूक आपल्या पराक्रमासकट साहेबांच्या संग्रहात हवी होती. त्यांनी मला ओळखलं नाही. माझ्या हातून कप घेतला आणि साहेबांना तीच गोष्ट सांगितली: एक गोळी, एक अस्वल, "आणि माझा गडी झाडावर!"

मी ट्रे खाली ठेवला आणि साखर विचारली.

साहेब वाघाच्या तोंडावरून बोट फिरवत होते. "ये किसने बरबाद किया? ही मूळ लाकडात असती तर मी लगेच ठेवली असती."

"जुनं तर चुलीत गेलं," मालगुजार म्हणाले. "तुमच्याकडे तसलं दुसरं असेल ना? तुम्हीच करून घ्या."

"बघू. जमलं तर दसऱ्याला घेऊन येतो, तुमच्याच गावी."

मालगुजार बंदूक तिथेच ठेवून खूश होऊन गेले. ते फाटकाबाहेर पडताच मी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी बंदूक हातात घेऊन नवा दस्ता उलटसुलट पाहिला. "लाकूड आण. आधी पाहतो."

मी चिखल्याला गेलो.

"मधातच कायले आला रे? परीक्षा नापास झाला का?"

"आत्या, ते लाकूड पायजे."

"कोणाले?"

"मालगुजारालेच."

मी सगळं सांगितलं, तशी ती इतकी हसली की शेजारीण डोकावली. लाकूड काढून देताना म्हणाली, "ने. पण दात बुजवू देशीन तर घरात पाय ठेवू नोको."

नागपूरच्या परवानेवाल्या बंदूक-दुरुस्तीवाल्यानं ते लाकूड पाहिलं आणि विचारलं, "याला तेल कोण लावत होतं?" एवढ्या वर्षांत ते ना वाकलं होतं, ना तडकलं होतं. आत्या देव म्हणून जे करत होती, तेच अशा अक्रोडाच्या लाकडाला लागतं. कापून टाकलेला पुढचा तुकडा त्यानं बंदुकीवरच्या उरलेल्या लाकडाला जोडला. रेषेला रेषा मिळाली आणि जोड लोखंडी पट्टीखाली झाकला गेला. नळीवरचं लाकूड जागेवर बसलं. शेवटी दस्ता.

"हे खड्डे लाखेनं भरू? कळणारही नाही."

"हात नको लावू," साहेब म्हणाले. "मालगुजारांना मूळ बंदूक पाहिजे ना? मूळच मिळेल."

दसऱ्याला ओसरी भरली होती. साहेब पाहुणे म्हणून मधोमध बसले, मी त्यांच्या मागे उभा. मालगुजारांनी पुन्हा गोष्ट सांगितली, या वेळी उभं राहून, हातवारे करत. मी मुद्दाम वाट पाहिली होती. त्यांना पुरतं बोलू द्यायचं होतं.

मग साहेबांनी बंदुकीवरचं कापड काढलं आणि दस्त्याची डावी बाजू वर करून ती पाटावर ठेवली.

मालगुजारांचा चेहरा मी डोळे भरून पाहिला. त्यासाठी तर मी गेलो होतो.

"हे दात अस्वलाचे," साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "म्हणजे कोणीतरी दस्ता अस्वलाच्या तोंडात घातला. त्याचा हात इथे असणार. बोटं वाचणं शक्य नाही. मालक, जरा तुमचा डावा हात दाखवता?"

मालगुजारांनी हात धोतराच्या घडीत नेला. पण साऱ्या गावानं तो हात आयुष्यभर पाहिला होता. पाचही बोटं, दोन अंगठ्या.

मागून एक म्हातारा हाकेवाला बोलला, "उंदीर लय मोठा होता वाटते, मालक!"

गाव हसलं, बाबांवर हसलं होतं तसंच. मी पुढे झालो, कोणाचा मुलगा ते सांगितलं आणि आपट्याचं पान मालगुजारांच्या हातावर ठेवलं. डाव्या. मला त्यांची दया आली नाही. आजही येत नाही.

त्याच आठवड्यात मी आत्याला पत्र लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं. वसाहतीतल्या मास्तरांनी ते तिला मोठ्यानं वाचून दाखवलं.

"ती. आत्यास सा. न.

काम झालं. त्याच ओसरीवर, सगळ्यांसमोर. त्यानं हात लपवला. लोक हसले. बाबांना आता कोणी झाडावरचा म्हणणार नाही. जो म्हणेल त्याला गावच हसेल.

बंदूक साहेबांकडे राहिली. खालची चिठ्ठी मी लिहिली आहे, त्यात बाबांचं नाव आहे, मालगुजाराचं नाही.

तुझं लाकूड परत देता येत नाही. त्याच्या बदल्यात वाघाच्या तोंडाचा शिसमी दस्ता पाठवत आहे. मी तो साहेबांकडून मागून घेतला. त्यावर भात शिजव. वार्निश आधी खरवडून घे, नाहीतर धूर डोळ्यांत जाईल. मालगुजारापायी तू पुष्कळ रडलीस, आता नको.

तुझाच."