चिनी मातीच्या बाईच्या पोटातली पोत

माझं लग्न दुसरेपणाचं. आमच्याकडं दुसरी बायको पहिलीचा टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावरची तिची छबी, गळ्यात घालते. मग पहिली कोपत नाही. मला मात्र सासूनं टाक घातला नाही, कारण पहिलीला घरात बसायला जागा होती.

ती जागा म्हणजे वीतभर उंचीची चिनी मातीची बाई. माझे मालक चांद्याच्या जंगलात सरकारी बंगल्यावर चौकीदार. इंग्रज गेले तेव्हा तिथल्या मडमेनं ती पहिलीला दिली होती. पहिली बाळंतपणात गेली. सासूनं तिची काळ्या मण्यांची पोत त्या बाईच्या पोकळ बुडात घातली, वरून लाख ओतली आणि बाई देवाजवळ ठेवली. सणाला पहिला घास तिचा. हळदीकुंकू चढून चढून तिच्या तोंडावर निळे डोळेच तेवढे उरले होते. तिच्या हातात आणखी एक काळं तोंड होतं. सासू म्हणे, "गोरं तोंड तिचं, काळं तुयं." त्या खोलीत मी तिच्याकडं पाठ करून कधी झाडलं नाही.

मला सातवा महिना असताना बंगल्यावर नागपूरकडचे एक म्हातारे साहेब उतरले. जुन्या मूर्तींचे जाणकार. मालक त्यांना घरी घेऊन आले. साहेबांनी ओल्या फडक्यानं बाई हळूहळू पुसली.

"पायाखालचा हा ओटा पाहा. साधा मातीचा उंचवटा, त्यावर हातानं चिकटवलेली फुलं. पुढच्या काळात इथं वेलबुट्टीच्या वळ्या येतात. ही त्याआधीची, जर्मनीकडची, दोनशे वर्षांची असेल. आणि हातात आहे तो मुखवटा. ही नाटकातली बाई."

"दंडारीतल्यावानी?" मालकांनी विचारलं.

"मंग मिशा कुठी गेल्या तिच्या?" सासू म्हणाली.

आमच्या दंडारीच्या खेळात बाईचं सोंग पुरुषच घेतात. साहेब हसले. दाराआड मीही हसले.

मग त्यांनी बाई उलटी केली. "कारखान्याची खूण असली तर या लाखेखाली असेल. काढू का?"

मी दाराआडून सासूचा पदर ओढला. "नाई म्हणा ना त्याईले," मी सासूला म्हटलं. "ते पहिली बाहेर आली त मी कुठी जाऊ, असं पोट घेऊन?"

"थांब लेका," सासू म्हणेपर्यंत मालकांनीच चाकू पुढं केला होता. "पाहू द्या साहेबाले. मले बी पाहाचं हाये."

लाख तडकली. खूण नव्हती. सुरुवातीच्या कित्येक बाहुल्यांवर ती नसतेच, साहेब म्हणाले, काळ मी सांगितला तोच. त्यांनी बाई जराशी हलवली आणि पोत चटईवर पडली. मालकांनी उचलायला हात पुढं केला, मग मागं घेतला.

"आता हे राहीन कुठी?" सासू म्हणाली.

"पुन्हा लाख घाला," साहेब म्हणाले.

"उघडलेल्या घरात कोण राह्यते वो? आन् हे त नाटकवाली निंगाली."

तिनं मला जवळ बोलावलं आणि पोत माझ्या मंगळसूत्राखाली बांधली. मणी गार असतील असं वाटलं होतं. ते कोमट होते.

बाई साहेबच घेऊन गेले. सासूला ती घरात नको होती.

बाळंतपण नीट झालं, मुलगी झाली. पहिली कोपली नाही, असं सासू सांगते. पण पोत बांधली त्या दिवसापासून मालक माझ्याशी बोलताना तोंडाकडं पाहत नाहीत, गळ्याकडं पाहतात. आणि कधी कधी, मी काही विचारलेलं नसताना, "हो" म्हणतात.