थांबायचं काही कारणच नव्हतं...

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. सर्व्हर सांभाळायची नोकरी करते मी. मशीनने काहीही वेडेपणा केला तरी मागे कारण सापडतंच... तरीही हे लिहितेय.

२०११ची गोष्ट. मी खारघरला राहायचे, आणि मामांचा फोटो स्टुडिओ जुन्या पनवेलमध्ये. त्यांच्या कॉम्प्युटरची फोटोंची डिस्क गच्च भरली होती. जुने पासपोर्ट फोटो गेले तरी चालतील, म्हणाले. मी रविवारी दुपारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. डिस्क किती भरलीय ते df कमांडला विचारायचं, ऐंशी टक्क्यांच्या वर असेल तर सगळ्यात जुना फोल्डर उडवायचा, आणि परत विचारायचं. उत्तर ऐंशीच्या खाली आलं की थांबायचं. ती चालू केली आणि आम्ही मिसळ खायला गेलो.

परत आलो तर स्क्रिप्ट संपलेली, आणि बाकावर उरणच्या हिराबाई. त्यांचा नवरा होडी घेऊन गेला तो आलाच नव्हता. लग्नातला फोटो मोठा करून हवा होता.

"आमचे घरान दुसरा फोटू नाय, पोरी. तुमचेकरं हाय तोच."

मी सहज स्क्रिप्टवर नजर टाकली आणि चूक दिसली. कॉम्प्युटरला दोन डिस्क होत्या. फोटो उडवत होते दुसरीवरचे, आणि df ला विचारत होते पहिलीबद्दल! तो आकडा खाली येणारच नव्हता. म्हणजे सगळे फोटो संपेपर्यंत ती थांबणं शक्य नव्हतं.

"मामा, लग्नाचे फोल्डर बघा... लवकर!"

पासपोर्टवाले गेले होते. त्यानंतरचा पहिलाच फोल्डर हिराबाईंच्या लग्नाचा. जसाच्या तसा!

"ह्योच," त्या स्क्रीनला बोट लावून म्हणाल्या. "बग, लाजतंय कसा."

त्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या आणि मला रडू फुटलं. इतकं हलकं मला परीक्षेच्या निकालालाही वाटलं नव्हतं.

मग मी df ला विचारलं. पहिली डिस्क एक्क्याण्णव टक्के. तिच्यावरची एकही फाईल हललेली नव्हती. एरर आली असती तर स्क्रीनवर दिसली असती. डिलीटची ओळ काढून स्क्रिप्ट परत चालवली, तर फिरतच राहिली... शेवटी मीच बंद केली. मग दुपारी तिला ऐंशीच्या खालचं उत्तर दिलं कुणी?

अजूनही माहीत नाही. ऑफिसात असं झालं असतं तर मी सगळ्यांचं डोकं खाल्लं असतं.

"कारणच सापडत नाही, मामा," मी म्हटलं.

मामांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"नको शोधूस. आधी प्रिंट काढ."