एका छपराखालच्या चुली

ये गो, बस अशी जवळ. गेल्या खेपेला विचारलंस, गावाशेजारी नवी वसाहत येणार तर तुम्हा म्हाताऱ्यांच्या पोटात का दुखतं, आणि मी तोंड उघडते तोच गाडीची वेळ झाली म्हणून उठलीस. असं करू नये. विचारलं की उत्तर ऐकावं.

आमच्याकडे पहिली वसाहत आली ती मोठी लढाई चालू होती तेव्हा. मी नऊ-दहा वर्षांची असेन. कसाऱ्याकडच्या रस्त्याचं काम निघालं होतं. कामकऱ्यांसाठी ओढ्यापलीकडच्या माळावर घर बांधायचं ठरलं. मुकादम माझ्या आजाकडे आला, कारण आजाचा शब्द गाव मानायचं. नव्या घराला तुमच्या विहिरीचं पाणी मिळेल का, असं त्यानं विचारलं. आमच्यात रीतच होती, घरभरणीचा पहिला हंडा गावच्या विहिरीचा, आणि मग त्या घराचा विहिरीवर हक्क. एका घराला पाणी लागून लागून किती लागणार? आजानं होकाराची सुपारी त्याच्या हातावर ठेवली.

मी रोज शेळ्या घेऊन तिकडेच. घर लांबत चाललं तरी संपेना. एवढ्या लांब घरात कोण राहणार, याचीच गावभर चर्चा. कुणी म्हणे सात भावांचं एकत्र कुटुंब असेल. आमची आत्या म्हणाली, त्या घरातल्या सासूचा आवाज या टोकापासून त्या टोकाला पोचायचा तर ती केवढी खणखणीत असेल! आत्या नवऱ्यामागं माहेरीच राहिली होती, आणि घर तिच्याच तोंडावर चालायचं. मग दारं बसली. मी मोजली, चोवीस.

माणसं राहायला आली त्या दिवशी दिवेलागणीला आत्या अंगणात उभी राहून माळाकडे बघत होती. एकेका दारातून वेगळा धूर निघत होता.

"बाबा," ती आजाला म्हणाली, "ते एक घर नाय. चोवीस घरं हायेत."

आम्ही चाळ कधी पाहिलीच नव्हती, काय करणार!

वैशाखात आमची विहीर घोट्याएवढी. लोक आजाला म्हणू लागले, शब्द एका घराचा दिला होता, परत घ्या. आजाचं जेवण तुटलं. एवढंच म्हणाला, "दिलेली सुपारी मागायला मला तोंड नाय."

मग आत्यानं निरोप धाडला. चूल वेगळी तर घरभरणीही वेगळी, सगळ्या बायांनी आपापला हंडा घेऊन यावं.

आल्या की चोवीसजणी! घाटावरच्या, हातभर गोंदलेल्या, न्हाई-न्हाई करत बोलणाऱ्या. मी काठावर पालथी पडून एकदा त्यांच्याकडे बघे, एकदा खाली पाण्याकडे. आत्या एकेकीला कुंकू लावी, हंडा भरून देई. पंधराव्या हंड्याला गाळ आला. आत्यानं पुन्हा कळशी सोडली, ती दगडावर वाजली. नऊजणी रिकाम्या उभ्या होत्या.

एक उंच बाई पुढं आली, आत वाकून बघितलं तिनं.

"मावशे, हे आमी नेलं तर तुमी काय पिनार?"

"आज तुमी पाव्हण्या," आत्या म्हणाली. "आमचं आमी बघू."

त्या बाईनं मागं वळून भरल्या हंड्यांकडे नुसतं पाहिलं. मग पंधराजणींनी तांब्या-तांब्या करून रिकाम्या हंड्यांत पाणी ओतलं. घरभरणी सगळ्यांची झाली, रीत कुठं मोडली नाही.

पुढच्या सुट्टीपासून त्यांचे पुरुष पहारी घेऊन ओढ्याकाठी नवी विहीर खणायला लागले. दगड फोडणं हे तर त्यांचं रोजचंच काम. आमचे पुरुष माती वाहायला गेले. पाऊस लागायच्या आत पाणी लागलं. आजा स्वतः जाऊन बघून आला आणि त्या रात्री पोटभर जेवला. आत्याला हे सगळं आधीच सुचलं होतं का, मी कितीदा विचारलं. ती हसायची फक्त.

तर आमचा राग नव्या घरांवर नाही गो. त्यात कोण येईल, काय शिजवेल, हे बघायला मला आजही आवडेल. पण चुली किती आणि पाणी कुठलं, हे आधी विचारायला नको? माप घेणारे लोक येत्या पंधरवड्यात यायचेत. त्यांची कागदावरची भाषा मला कळत नाही, तुला कळते. ते यायच्या आधी ये, आणि या खेपेला चार दिवस राहायला ये.